पाण्यावर पाणबुडी चालेल का? इलेक्ट्रोलिसिस, हायड्रोजन आणि फ्युएल सेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी गेली, तीही बहुतेक सेल हाऊसमध्येच. मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची. एका बाजूला क्लोरीन, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन आणि कॉस्टिक. आता डॉकयार्ड रोडला राहतो. जानेवारी उजाडला की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात आणि घरापासून हाकेच्या अंतरावर माझगाव डॉक ही पाणबुड्या बांधणारी गोदी असल्यामुळे की काय, गाडी हमखास पाणबुडीवर येते. दरवर्षी तेच प्रश्न. म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे.

चहूकडे समुद्राचं पाणी आहे. त्यातून हायड्रोजन काढायचा, तो फ्युएल सेलला (हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणून वीज आणि पाणी करणाऱ्या यंत्राला) द्यायचा, पाणबुडी चालत राहील. मग कुणी करत का नाही?

कारण पाणी हे इंधन नाही. ती हायड्रोजनची राख आहे. हायड्रोजन जळून झाला की जे उरतं ते पाणी. चुलीतल्या राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर त्या लाकडाने दिलेली सगळी आच आधी परत घालावी लागेल. इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे वीज सोडून पाणी फोडणं, शाळेच्या पुस्तकातलं विद्युत अपघटन, नेमकं तेच करतं. आणि परत घालताना सांडलवंड होते ती वेगळीच.

आकड्यांत सांगतो. १ किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. तोच किलोभर हायड्रोजन फ्युएल सेलला दिला तर १५ ते २० युनिट हातात येतात. बॅटरीतून शंभर युनिट काढून या फेऱ्यात घातले, तर मोटरपर्यंत पस्तीसच्या आसपास पोचतात. त्यापेक्षा बॅटरीची वायर सरळ मोटरला जोडा. पाणबुडीत तसंच करतात.

एवढी वीज जाते कुठे?

उष्णतेत. हा हिशोब व्होल्टमध्ये मांडला तर फार स्वच्छ दिसतो. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. पण तेवढ्यावर सेल हलतच नाही. इलेक्ट्रोडवरची अभिक्रिया रेटायला, इलेक्ट्रोलाइटमधून (सेलमधल्या द्रावणातून) आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ढकलायला जास्तीचा दाब द्यावा लागतो, आणि कामाच्या वेगाने वायू हवा असेल तर १.८ ते २ व्होल्ट लागतात. उलट फेरीत, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, त्याच १.२३ पैकी भार घातल्यावर ०.६५ ते ०.७ उरतात. इलेक्ट्रॉन दोन्हीकडे जवळपास तेवढेच, फक्त १.९ ला विकत घेतलेले आपण ०.७ ला विकतो. भागाकार करा, ३७ टक्के.

आमच्या सेलना तर तीन व्होल्टच्या आसपास लागायचे, पण करंट हजारो अँपिअर. बसबारजवळ, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्यांजवळ, जाण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं हा नियम होता. नवीन मुलगा विसरला की काटे थांबायचे आणि मग त्याला कायमचं लक्षात राहायचं.

चांगला कॅटॅलिस्ट (अभिक्रिया सोपी करणारा पदार्थ, उत्प्रेरक) सापडला तर?

तर सांडलवंड कमी होईल. शून्यावर आली तरी घातले तेवढेच परत मिळतील. वरकमाई नाही.

म्हणजे पाणबुडीत इलेक्ट्रोलिसिसला कामच नाही?

आहे, आणि फार महत्त्वाचं आहे: श्वास. ब्रिटिश आणि अमेरिकी अणुपाणबुड्या अनेक दशकं पाणी फोडून ऑक्सिजन करत आल्या आहेत. गंमत बघा, तिथे हायड्रोजन हा कचरा. तो समुद्रात सोडून देतात. ज्या वायूसाठी मुलं प्रोजेक्ट करतात तोच.

हे अणुपाणबुडीला का परवडतं ते एका हिशोबात कळेल. आपल्या नौदलाच्या कलवरी वर्गाच्या पाणबुडीवर (ती अणूवर नाही, डिझेल इंजिनाने भरलेल्या बॅटरीवर चालते, पण माणसं मोजायला बरी) ८ अधिकारी आणि ३५ नौसैनिक, असे ४३ जण धरा. माणशी दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन, म्हणजे एकूण ३६ किलो. पाणी फोडलं की १ किलो हायड्रोजनमागे ८ किलो ऑक्सिजन मिळतो, तेव्हा दिवसाला साडेचार किलो हायड्रोजनएवढं पाणी फोडावं लागेल. साधारण २३५ युनिट, म्हणजे अहोरात्र १० किलोवॅट. अणुभट्टीला हा खर्च म्हणजे किस झाड की पत्ती. पण बॅटरीवर दम धरून बसलेल्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला तो जड जातो.

म्हणून तिथे साठवलेला ऑक्सिजन, नाहीतर ऑक्सिजन कँडल वापरतात. कँडल म्हणजे सोडियम क्लोरेटचा नळकांड्यासारखा गोळा. पेटवला की तापून ऑक्सिजन सोडतो. दिसायला साधी वस्तू. २००७ साली आर्क्टिकच्या बर्फाखाली असलेल्या ब्रिटिश एचएमएस टायरलेसवर अशी एक कँडल फुटून दोन नौसैनिक गेले.

आणि नुसता ऑक्सिजन देऊन भागत नाही. माणशी किलोभर कार्बन डायऑक्साइड रोज बाहेर पडतो, तो शोषून घ्यावाच लागतो. बंद खोलीत माणूस ऑक्सिजन संपण्याआधी याने बेजार होतो.

मग "फ्युएल सेलवर चालणारी पाणबुडी" म्हणतात ती काय असते?

तिचा हायड्रोजन (किंवा तो ज्यातून काढायचा ते रसायन) आणि ऑक्सिजन, दोन्ही किनाऱ्यावर भरून नेलेलं असतं. घरून डबा न्यावा तसं. समुद्रात गेल्यावर मिळेल ते खाऊ, असं नाही.

सगळ्यात परिचित उदाहरण जर्मनीच्या टाइप २१२ए चं. पहिली, यू-३१, ऑक्टोबर २००५ मध्ये नौदलात आली. सीमेन्सचे पॉलिमर मेंब्रेनवाले (प्लास्टिकसारखा पातळ पडदा असलेले) फ्युएल सेल, ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर द्रवरूपात, आणि हायड्रोजन धातूच्या मिश्रणात मुरवलेला. याला मेटल हायड्राइड म्हणतात. स्पंजमध्ये पाणी बसावं तसा धातूच्या जाळीत हायड्रोजन बसतो, गरम पाण्याने थोडा शेक दिला की सुटतो. हा शेक फ्युएल सेलच्याच वाया जाणाऱ्या उष्णतेतून मिळतो. सुरक्षित आणि सुटसुटीत, पण भयानक जड. टाकीच्या वजनाच्या दीड-दोन टक्केच हायड्रोजन. मोटारगाडीवाले ऐकून कपाळाला हात लावतील. पाणबुडीला मात्र बुडायला वजन लागतंच, शिशाचं बॅलास्ट भरावंच लागतं. त्यातलं काही काम हायड्राइडने केलं तर बिघडलं कुठे? एका उद्योगाचा दोष दुसऱ्याच्या सोयीचा, याचं इतकं चपखल उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

किती इंधन लागतं याचा काही अंदाज?

खऱ्या कुठल्या पाणबुडीचे नव्हेत, माझ्या पाटीवरचे आकडे देतो. समजा हळू चालत राहायला आणि आतले दिवे, पंखे, पंप, यंत्रणा धरून सरासरी १०० किलोवॅट हवेत, चौदा दिवस. झाले ३३,६०० युनिट. किलोला १८ युनिट धरले तर सुमारे १.९ टन हायड्रोजन आणि त्याच्या आठपट, म्हणजे १५ टन ऑक्सिजन. हायड्रोजन हायड्राइडमध्ये ठेवला तर ती टाकीच शंभर टनांच्या घरात.

आता तीच वीज लेड-ॲसिड बॅटरीत साठवून बघा. किलोला ३५ वॅट-तास धरले (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट) तर ९६० टन. कलवरी पाण्याखाली भरते साधारण १,७७५ टन. अर्ध्याहून जास्त बोट नुसती बॅटरीच होईल. शंभर टनांची टाकी मग एकदम हलकी वाटायला लागते.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. फ्युएल सेलमधून निघालेलं पाणी फेकून द्यायची घाई नसते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं जेवढं वजन गेलं तेवढंच पाणी तयार होतं, ते आतच ठेवलं की बोटीचं एकूण वजन बदलत नाही. डिझेल जाळून धूर बाहेर सोडताना हे सुख नाही.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी? डिझेल आहे की.

डिझेलला हवा लागते. दर थोड्या दिवसांनी पाणबुडीला पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन स्नॉर्कलची नळी वर काढावी लागते, इंजिन चालवून बॅटरी भरावी लागते. तेव्हा ती रडारला दिसते, आवाजानेही कळते. फ्युएल सेल हे वर येणं टाळतो. २०१३ साली जर्मनीची यू-३२ अटलांटिक पार करताना सलग १८ दिवस पाण्याखाली राहिली.

त्यात सेलच्या संचात हलणारा भाग नाही. पंप आणि ब्लोअर असतात, पण इंजिनासारखी धडधड नाही.

मग वेगही वाढत असेल?

नाही, आणि हा गैरसमज फार आहे. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर शक्ती जवळपास आठपट लागते. ४ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ८ नॉटवर गेलात की चौदा दिवसांचा साठा दोन-तीन दिवसांत फस्त. म्हणून फ्युएल सेलवर पाणबुडी चालते ती बैलगाडीच्या चालीने. पळायची वेळ आली तर बॅटरीच कामाला येते, आणि ती भरलेली असावी म्हणून फ्युएल सेल.

माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या पाणबुड्यांमध्ये हे आहे का?

नौदलात दाखल झाल्या तेव्हा नव्हतं. नौदलाच्या प्रोजेक्ट ७५ या योजनेतल्या, फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्याच्या सहाही पाणबुड्या इथेच बांधल्या: कलवरी (डिसेंबर २०१७), खांदेरी (सप्टेंबर २०१९), करंज (मार्च २०२१), वेला (नोव्हेंबर २०२१), वागीर (जानेवारी २०२३) आणि वाघशीर (जानेवारी २०२५). सगळ्या डिझेल-इलेक्ट्रिक. खांदेरी हे नाव अलिबागजवळ थळसमोरच्या बेटावरच्या शिवकालीन जलदुर्गाचं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. त्याच्याही आधी, फेब्रुवारी १९९२ मध्ये, आयएनएस शाल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी याच गोदीतून नौदलात गेली.

फ्युएल सेलचं काम मध्य रेल्वेच्याच वाटेवर, अंबरनाथला चाललंय. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी तिथे आहे. मार्च २०२१ मध्ये त्यांच्या प्रणालीचा जमिनीवरचा नमुना चालवून दाखवला गेला. एल अँड टी आणि पुण्याची थरमॅक्स या कामात भागीदार आहेत. मग ३० डिसेंबर २०२४ ला संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी या प्रणालीचा "प्लग" बांधून पाणबुडीत बसवण्याचा सुमारे १,९९० कोटींचा करार केला. प्लग म्हणजे पाणबुडीच्या अंगाचा एक नवा तुकडा. बोट मधोमध कापायची, हा तुकडा घालायचा, पुन्हा वेल्डिंग करायचं. परकराला मध्ये पट्टी लावून उंची वाढवतात तसं, फक्त इथे शिवण शेकडो मीटर खोलीचा दाब सोसणारी हवी.

अंबरनाथची पद्धत जर्मन पद्धतीपेक्षा वेगळी आहे म्हणतात. कशी?

दोन बाबतींत. एक, सेल फॉस्फोरिक ॲसिडचे. पॉलिमर मेंब्रेनवाले सेल ८० अंशांच्या आसपास चालतात, हे १५० ते २०० अंशांना. तापायला वेळ घेतात, पण हायड्रोजन थोडा अशुद्ध असला तरी कुरकुर करत नाहीत.

दोन, आणि मला आवडलेली: हायड्रोजन बरोबर न्यायचाच नाही, जाग्यावर तयार करायचा. त्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड नावाची पांढरी पूड. कॅटॅलिस्टच्या साथीने तिची पाण्याशी गाठ पडली की हायड्रोजन निघतो आणि मागे सोडियम मेटाबोरेट उरतं. यातला अर्धा हायड्रोजन पुडीतला, अर्धा पाण्यातला. म्हणजे "पाण्यातून हायड्रोजन" हे स्वप्न इथे अर्धं खरं होतं, फक्त किंमत विजेत नाही, रसायनात मोजायची. पुडीच्या वजनाच्या २१ टक्के हायड्रोजन हाती येतो. हायड्राइडच्या दोन टक्क्यांसमोर ठेवून बघा. अर्थात पाणी न्यावं लागतं, उरलेला बोरेटचा चोथा सांभाळावा लागतो, आणि ही पूड स्वस्त नाही.

समुद्राचं पाणी थेट इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे पाणी फोडायच्या यंत्रात, घातलं तर?

क्लोरीन येईल. दोन वर्षांपूर्वी चार मुलांनी गिरगाव चौपाटीवरून बाटलीभर पाणी आणून माझ्याच डायनिंग टेबलावर प्रयोग मांडला. दोन मिनिटांत घरभर तरणतलावाचा वास. बायकोने खिडक्या उघडल्या आणि आमचं दुकान गॅलरीत हलवलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात क्लोराइड सगळ्यात जास्त, आणि ॲनोडवर (धन टोकावर) ऑक्सिजनऐवजी त्याचाच नंबर आधी लागतो. शिवाय कॅथोडवर (ऋण टोकावर) मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचा पांढरा थर बसतो. मुंबई बंदराच्या पाण्यात गाळ किती, हे मी वेगळं सांगत नाही.

बंद पाणबुडीत क्लोरीन म्हणजे आत्मघात. पण हीच क्रिया जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या वीज केंद्रांत मुद्दाम करतात. थोडं समुद्राचं पाणी फोडून तयार झालेलं क्लोरीनयुक्त पाणी पाइपांत सोडलं की शिंपले-शेवाळ धरत नाही.

२०२२ साली चिनी शास्त्रज्ञांनी शेन्झेनजवळच्या समुद्रपाण्यावर एक युक्ती दाखवली: द्रव पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा लावायचा, म्हणजे क्षार बाहेरच राहतात. ३,२०० तासांहून जास्त ते चाललं. काम सुंदर आहे. पण खरं सांगू का, खारं पाणी गोड करणं ही इथली मोठी अडचणच नाही. रिव्हर्स ऑस्मोसिसने हजार लिटर पाणी गोड करायला तीन ते पाच युनिट लागतात. एक किलो हायड्रोजनला पाणी लागतं नऊ लिटर. म्हणजे पाणी गोड करायचा खर्च पाच पैसे आणि फोडायचा पन्नास रुपये, असं प्रमाण. लोक पाच पैशांवर वाद घालत बसतात.

हायड्रोजन स्फोटक आहे ना? आपल्या नौदलाच्या सिंधुरक्षक पाणबुडीला तेच झालं ना?

हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेट घेतो, आणि ठिणगी नगण्य पुरते. आमच्याकडे सेल हाऊसमध्ये सगळ्यात कडक शिस्त त्याचीच होती.

पण फ्युएल सेल नसलेल्या पाणबुडीतही हायड्रोजन असतोच, हे लोक विसरतात. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की चार्जिंगची वीज तिच्या ॲसिडातलं पाणी फोडायला लागते. कुणी न मागितलेलं इलेक्ट्रोलिसिस! म्हणून बॅटरीच्या कप्प्यात पंखे आणि वायुमापकं सतत चालू.

सिंधुरक्षकच्या दोन दुर्घटनांची गल्लत होते. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला लागलेली आग बॅटरीतून गळलेल्या हायड्रोजनची होती. त्यात एक नौसैनिक गेला. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या गोदीत १८ जण गेले, तो स्फोट आतल्या शस्त्रास्त्रांचा होता. त्या रात्रीचा आकाशातला लाल उजेड दक्षिण मुंबईत अनेकांनी पाहिला. दोन्हींत फ्युएल सेलचा संबंध नव्हता.

लिथियम बॅटरी आल्यावर फ्युएल सेल बाद होतील?

जपानने तो रस्ता धरलाय. मार्च २०२० मध्ये दाखल झालेल्या ओर्यु या पाणबुडीवर लिथियम-आयन बॅटऱ्या आहेत. लिथियममध्ये वेग चांगला मिळतो, पण वरच्या माझ्या हिशोबात किलोला १५० वॅट-तास धरले तरी सव्वादोनशे टन होतात. संथपणे पंधरा दिवस काढायचे असतील तर मी अजून फ्युएल सेलच्या बाजूने आहे.

माणूस नसलेल्या छोट्या पाणबुड्यांत?

तिथे तर हे फार शोभतं. जपानच्या उराशिमा या स्वयंचलित यानाने फेब्रुवारी २००५ मध्ये फ्युएल सेलवर सलग ३१७ किलोमीटर अंतर कापलं.

माझगावातल्या एका तांडेलाचा प्रश्न: "साहेब, आमच्या बोटीला बसंल का हे?"

बसेल, पण आज परवडणार नाही. तुमची बोट वर हवेत चालते, ऑक्सिजन फुकट आहे, त्यामुळे पाणबुडीपेक्षा निम्मी डोकेदुखी कमी. पण डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते आणि ते साध्या टाकीत राहतं. हायड्रोजनला जाड सिलिंडर लागतील, आणि ते भाऊच्या धक्क्यावर भरून कोण देणार? प्रवासी बोटींचं जमू शकतं, कारण त्या रोज त्याच धक्क्यावर परत येतात. कोचीन शिपयार्डने बांधलेली हायड्रोजन फ्युएल सेलची बोट फेब्रुवारी २०२४ मध्ये वाराणसीसाठी रवाना झाली. तिचा फ्युएल सेल पुण्याच्या केपीआयटीचा. मांडव्याच्या लाँचला असं काही आलं तर पहिलं तिकीट मी काढीन.

प्रोजेक्टसाठी घरी काय करता येईल?

नऊ व्होल्टची बॅटरी, दोन्ही टोकांनी तासलेल्या दोन पेन्सिली, ग्लासभर पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा. मीठ नको, कारण वर सांगितलं. स्टीलचे चमचे इलेक्ट्रोड म्हणून नकोत, ॲनोडचं स्टील झिजून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरू शकतात. ग्लासवर झाकण नको, खिडकी उघडी ठेवा. एका पेन्सिलीवर दुप्पट बुडबुडे दिसतील, तो हायड्रोजन.

मग बॅटरी काढा आणि लगेच त्याच दोन पेन्सिलींना मल्टिमीटर लावा. काही क्षण एखाद-दीड व्होल्ट दिसतो आणि उतरत जातो. पेन्सिलीच्या शिशाला (ते खरं तर ग्रॅफाइट) चिकटून राहिलेले बुडबुडे उलट फिरून वीज देत असतात. हाच तुमचा फ्युएल सेल. विल्यम ग्रोव्हने १८३९ च्या सुमारास प्लॅटिनमवर हेच पाहिलं होतं. घातलेली वीज किती आणि परत आलेली किती, हे दोन्ही मोजून वहीत लिहा, आणि ती वही घेऊन माझ्याकडे या. रविवारी सकाळी दहानंतर. चौपाटीचं पाणी आणू नका.